महाबळेश्वरचे ढग, शनीचा षटकोन आणि बंद पडणारा लॅपटॉप

दोस्तांनो, तुमच्यापैकी कुणी कधी ढगातून चालत जाऊन बिस्किटाचा पुडा आणला आहे का? हसू नका! आषाढात महाबळेश्वरला गेलात तर हे रोजचंच काम आहे. खाली सपाटीवरची माणसं ज्याला ढग म्हणतात, त्यालाच वर राहणारी माणसं धुकं म्हणतात. पुड्याला गेलेलं पोर दहा पावलांवर दिसेनासं होतं आणि परत येतं तेव्हा त्याच्या भुवयांवर बारीक बारीक थेंब लटकत असतात. ढगाचेच थेंब ते!

गेल्या पावसाळ्यात मी असा ढगात राहायला गेलो होतो. बरोबर होती माझी भाची आणि भाचीच्या पाठीवरच्या सॅकमध्ये, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला, एक आजारी लॅपटॉप. तुम्ही म्हणाल, आजारी लॅपटॉपला कुणी थंड हवेच्या ठिकाणी नेतं का? तर त्याची हकिकत आधी ऐका.

आजाराची सुरुवात

भाची सांगलीला राहते. दहावी झाली, अकरावी विज्ञानला प्रवेश मिळाला. नात म्हणजे दुधावरची साय. तिच्या आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, बँकेतली ठेव मोडून तिला नवा कोरा लॅपटॉप घेऊन दिला. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "आजी, मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळेल हं." आजी म्हणाली, "राहू दे. उरलेलं व्याज नातीकडून वसूल करीन."

कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनासाठी भाचीनं विषय घेतला होता, 'ग्रहांच्या वातावरणातली नक्षी'. चित्रं, चलच्चित्रं जमवून ती कामाला लागली. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप फट्कन बंद पडला. थोड्या वेळानं सुरू केला तर छान चालला आणि पुन्हा बंद. जणू काही मधल्या सुट्टीची घंटा झाली!

जिथून घेतला त्या दुकानात दाखवला. दुकानदारानं तो उघडलासुद्धा नाही. नुसता उलटा-सुलटा करून म्हणाला, "पावसाळा आहे, तुमचं घर कृष्णाकाठचं. ओल गेली असणार. ओलीला वॉरंटी नसते. दुरुस्तीचा खर्च तुमचा."

खर्चाचा आकडा ऐकून भाचीचा चेहरा उतरला. घरी आजी काही बोलली नाही. "तू पाणी सांडलंस का गं?" एवढंसुद्धा तिनं विचारलं नाही. त्याचंच भाचीला जास्त वाईट वाटलं. मला फोन करून म्हणाली, "मामा, मी खरंच काही केलेलं नाही. पण ते सिद्ध कसं करायचं?"

हा प्रश्न मला फार आवडला. मी म्हटलं, "कंपनीकडे तक्रार नोंदव." तिनं नोंदवली. सोमवारची वेळ मिळाली, साताऱ्याच्या सर्व्हिस सेंटरमधली. सातारा म्हणजे महाबळेश्वरच्या पायथ्याचंच गाव! मी दरसाल पावसाळ्यात एकदा महाबळेश्वरला जातोच. मग ठरलं, शनिवार-रविवार वर काढायचे आणि सोमवारी सकाळी साताऱ्यात उतरायचं.

"ओल लागली म्हणतायत आणि तू त्याला ढगात घेऊन निघालास?" माझी बहीण कपाळाला हात लावून म्हणाली.

"म्हणूनच तर!" मी म्हटलं.

केळघर घाटातला चष्मा

साताऱ्याहून आमची एसटी मेढा मागे टाकून केळघर घाटाला लागली. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, ओढ्यांना लाल पाणी. अर्ध्या घाटात समोरचा रस्ता पुसल्यासारखा नाहीसा झाला. ड्रायव्हरकाकांनी दिवे लावले आणि वेग कमी केला. आम्ही ढगात शिरलो होतो.

महाबळेश्वरला उतरलो ते थेट चहाच्या टपरीत. आत चूल धडधडत होती, आधण उकळत होतं. आत पाऊल टाकलं आणि माझा चष्मा एकदम पांढरा झाला. बाहेर आलो तर थोड्या वेळात पुन्हा स्वच्छ. असं का झालं, सांगा पाहू? बरोबर! थंड काचेला टपरीतली उबदार, दमट हवा लागली आणि हवेतल्या वाफेचे थेंब काचेवर बसले.

"आता नीट ऐक," मी भाचीला सांगितलं. "जो नियम चष्म्याला, तोच लॅपटॉपला. गार वस्तू उबदार, दमट हवेत नेली की तिला घाम फुटतो. म्हणून खोलीवर गेल्यावर पिशवी लगेच सोडायची नाही. तास-दोन तास तशीच ठेवायची. आतलं आणि बाहेरचं तापमान सारखं झालं की मग उघडायची."

महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे किती? न वाहता, न मुरता हे पाणी साचून राहिलं, तर एकावर एक उभी असलेली तीन मोठी माणसं त्यात बुडतील! गंमत म्हणजे तिथून जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला याच्या निम्म्याहूनही कमी पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला गेलात तर आणखी कितीतरी कमी. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीच्या कड्यावर आपटतात, वर चढतात, गार होतात आणि आपली शिदोरी इथेच सोडतात. पलीकडे जातात ते रिकाम्या हातांनी.

ढगांची प्रयोगशाळा

रविवारी सकाळी आम्ही विल्सन पॉइंटवर गेलो. सुमारे १,४४० मीटर उंचीची ही जागा महाबळेश्वरात सर्वांत उंच. उन्हाळ्यात इथे सूर्योदय बघायला झुंबड उडते. आम्हाला मात्र सूर्य दिसला नाही, दरी दिसली नाही, एकमेकांचे पायसुद्धा धूसर दिसत होते. भाचीच्या लोकरी टोपीवर पांढरी साय धरली होती. जवळून पाहिलं तर अगणित थेंब!

ढगातला एक थेंब केवढा असतो? साधारण एक मिलिमीटरचा पन्नासावा भाग किंवा त्याहूनही लहान. आपल्या डोक्याचा केस त्याच्यापुढे दोरखंड वाटावा. असे लाखो थेंब एकत्र येतात, तेव्हा कुठे पावसाचा एक टपोरा थेंब होतो.

हे थेंब मोजायचे तर एरवी शास्त्रज्ञांना विमानात उपकरणं बसवून ढगात शिरावं लागतं. पण महाबळेश्वरला ढगच पाहुणा म्हणून अंगणात येतो! म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१२ मध्ये इथे, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा सुरू केली. थेंब किती, केवढे, कोणत्या धूलिकणाभोवती ते जमले, पाऊस कधी सुरू झाला, कधी थांबला, याच्या नोंदी तिथे होतात.

"एवढं मोजून काय करायचं?" भाचीनं विचारलं.

मी तिला क्षेत्र महाबळेश्वरला, म्हणजे जुन्या महाबळेश्वराला, घेऊन गेलो. तिथल्या पंचगंगा मंदिरात दगडी गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम इथे मानतात. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते. कृष्णा मात्र पूर्वेची वाट धरते. वाईवरून येते, साताऱ्याजवळ माहुलीला तिला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना मिळते आणि मग ती येते भाचीच्या गावी, सांगलीला. पुढे सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास पुरा करून बंगालच्या उपसागराला मिळते.

भाची गोमुखाखाली ओंजळ धरून उभी राहिली. सांगलीच्या पोरांना कृष्णेबद्दल सांगावं लागत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या साली हीच नदी त्यांच्या घरांत शिरली होती. आयर्विन पुलाजवळची पातळी किती फुटांवर गेली, कोयनेतून किती पाणी सोडलं, हे तिथली लहान मुलंसुद्धा कानात प्राण आणून ऐकतात.

"म्हणजे इथले थेंब मोजले तर आमचा पूर आधी कळेल?" तिनं विचारलं.

"नुसत्या थेंबांवरून नाही कळणार. पण पाऊस कसा तयार होतो हे जितकं नीट समजेल, तितका अंदाज सुधारेल. म्हणून वही घालायची, रोज लिहायचं."

"वही," ती पुटपुटली. तिच्या सॅकमध्येही एक वही होती. तिच्याकडे येऊच आपण.

शनीच्या डोक्यावरचा षटकोन

शनिवारी संध्याकाळी पिशवी सोडून लॅपटॉप टेबलावर ठेवला होता. खोली एका घरगुती ठिकाणी होती. मालकीणकाकू आणि त्यांचा धाकटा मुलगाही प्रदर्शनाची 'रंगीत तालीम' बघायला येऊन बसले. भाचीनं घड्याळ लावलं, वहीत वेळ लिहिली आणि सुरुवात केली.

पडद्यावर शनी आला. कड्यांचा राजा! मग शनीचा उत्तर ध्रुव. तिथे एक चक्क सहा बाजूंची आकृती! जणू कंपासपेटी घेऊन कुणीतरी आखलेली.

"हे कुणी काढलं?" मुलानं विचारलं.

"कुणीच नाही," भाची म्हणाली. "ते ढग आहेत."

दोस्तांनो, या षटकोनाची एकेक बाजू सुमारे १४,५०० किलोमीटर लांब आहे. आपल्या पृथ्वीचा व्यास आहे १२,७४२ किलोमीटर. म्हणजे एका बाजूवर अख्खी पृथ्वी ठेवली तरी जागा उरेल! कडेकडेनं ताशी सुमारे ३२० किलोमीटर वेगानं वारा वाहतो आणि सगळी आकृती साधारण १० तास ३९ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी मारते.

१९८० आणि १९८१ मध्ये व्हॉयेजर १ आणि व्हॉयेजर २ ही याने शनीजवळून गेली. त्यांची छायाचित्रं कडेनं, तिरकी घेतलेली होती. डेव्हिड गॉडफ्री या शास्त्रज्ञानं ती जोडून ध्रुवाचा नकाशा तयार केला, तेव्हा कुठे हा षटकोन दिसला. त्याचा लेख १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रं हातात होती, पण नक्षी दिसायला सात वर्षं लागली!

मग २००४ मध्ये कॅसिनी यान शनीपाशी पोचलं. त्या वेळी शनीच्या उत्तर ध्रुवावर हिवाळा होता. आणि तिथला हिवाळा म्हणजे कित्येक वर्षांची रात्र, कारण शनीचं एक वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांएवढं असतं. अंधारात षटकोन दिसणार कसा? पण कॅसिनीवर उष्णतेच्या किरणांनी 'पाहणारा' कॅमेराही होता. २००६ मध्ये त्यानं पाहिलं आणि षटकोन जागच्या जागी! २००९ नंतर ध्रुवावर ऊन आलं, षटकोन तसाच. २०१२ ते २०१६ या काळात तिथला रंग निळसर होता तो सोनेरी झाला, तरी आकार बदलला नाही.

"म्हणजे बघा," भाची सांगत होती, "ऊन असो नसो, षटकोन राहतोच. याचा अर्थ तो सूर्याच्या उन्हामुळे तयार होत नाही. तो तयार होतो ते..."

फट्! पडदा काळा.

"एकोणीस मिनिटं," भाची वहीत लिहीत म्हणाली. तिच्या आवाजात वैताग नव्हता. उलट कुतूहल होतं.

लॅपटॉप विश्रांती घेईपर्यंत तिनं पुढचं तोंडीच सांगितलं. शनीवर पाय टेकायला जमीनच नाही, वायूंचे थरच्या थर आहेत. तिथे शेजारी शेजारी वाहणारे वारे वेगवेगळ्या वेगानं पळतात. एक भरधाव, दुसरा रमतगमत. मग त्यांच्या मधल्या प्रवाहाला वळणं पडतात, गोधडीवरच्या नागमोडी शिलाईसारखी. ध्रुवाभोवती फिरून ही वळणं पुन्हा पहिल्या वळणाला जुळावी लागतात. शनीवर बरोबर सहा वळणं बसली, म्हणून षटकोन! २०१० मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्ड विद्यापीठात शास्त्रज्ञांनी फिरत्या टाकीत पाणी भरलं, त्यात एक कडी निराळ्या वेगानं फिरवली आणि पाण्यात असा षटकोन करून दाखवला. वेगातला फरक बदलला की षटकोनाऐवजी दुसरे आकार! खुद्द शनीवर सहाच वळणं का आणि ती किती खोलवर गेली आहेत, यावर मात्र शास्त्रज्ञांचा वाद अजून चालूच आहे.

आणि गुरू? तिथे तर आणखीच मजा. २०१६ मध्ये गुरूभोवती फिरू लागलेल्या जुनो यानानं पाहिलं की उत्तर ध्रुवावर एका चक्रीवादळाभोवती आठ चक्रीवादळं फेर धरून उभी आहेत आणि दक्षिण ध्रुवावर एकाभोवती पाच. मंगळागौरीच्या फुगडीला जमल्यासारखी! एकेक वादळ चार ते सात हजार किलोमीटर रुंदीचं. नोव्हेंबर २०१९ मध्ये दक्षिणेच्या फेरात एक सहावं छोटं वादळ घुसलेलं दिसलं आणि पंचकोनाचा षटकोन झाला. पण तो पाहुणा काही टिकला नाही.

काकूंच्या तव्यातलं तेल

"आमच्या स्वयंपाकघरात नाही का असलं काही होत?" काकूंनी विचारलं.

होतं की! काकूंनी सपाट बुडाच्या तव्यात बोटाच्या पेराच्या निम्म्याहून कमी जाडीचा तेलाचा थर ओतला, चिमूटभर हळद भुरभुरली आणि गॅस अगदी बारीक केला. आम्ही लांबून बघत राहिलो. थोड्या वेळानं हळद सरकायला लागली. तेलात छोटे छोटे कप्पे पडले. काही पाच बाजूंचे, काही सहा, काही वेडेवाकडे. नकाशातले तालुके असतात ना, तसे!

१९०० च्या सुमारास फ्रान्समध्ये आंरी बेनार नावाच्या तरुण शास्त्रज्ञानं हाच प्रयोग नीटनेटका केला होता. पातळ थर खालून सारखा तापवला की गरम द्रव कप्प्याच्या मध्यातून वर येतो, वर गार होतो आणि कडेनं खाली उतरतो. शेजारी शेजारी असे कप्पे दाटीनं बसले की षटकोन बनतात. समुद्रावरच्या ढगांतही असे कप्पे पडतात. १९६० मध्ये टायरॉस १ हा पहिला हवामान उपग्रह सोडला गेला. तेव्हापासून उपग्रहांच्या छायाचित्रांत समुद्रावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे ढग दिसू लागले. तव्यातला कप्पा सेंटिमीटरभराचा, ढगातला कित्येक किलोमीटरांचा. खाली उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते कधीच दिसत नाहीत. त्याला दिसतं ते नुसतं आभाळ.

मुलगा म्हणाला, "मग शनीवरही असंच तेल उकळतंय!"

इथेच चूक होते, दोस्तांनो. तव्यातला कप्पा खाली-वर होणाऱ्या उष्णतेमुळे पडतो. शनीचा षटकोन वाऱ्याच्या वळणांमुळे. पन्हाळ्याजवळ बांदिवड्याला आणि मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर दगडांचे बहुकोनी खांब आहेत. ते लाव्हा थंड होताना आकसून तडकल्यामुळे झाले. मधमाशीचं पोळं तर मधमाशीच बांधते. कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाकाठी पहाटे दव गोठतं, त्या बर्फाच्या स्फटिकातही षटकोनच दडलेला असतो, पण तो पाण्याच्या रेणूंच्या मांडणीमुळे. आकार एक, कारणं पाच! नुसता आकार बघून कारण ठरवलं तर आपण फसतो.

भाची एकदम ताठ बसली. "दुकानदारानं तेच केलं, मामा! बंद पडलं, पावसाळा आहे, म्हणजे ओल."

वहीतली नक्षी

आता ती वही बघा. सांगलीला असतानाच भाचीनं तीनदा नोंद केली होती. खोलीचं तापमान २९ अंश, चलच्चित्र लावलं, तर ११, १२ आणि ११ मिनिटांत बंद. महाबळेश्वरला खोलीत १९ अंश, तेच चलच्चित्र, तर १९, २० आणि १९ मिनिटं. बाहेर तर ढगच होता! ओलीचा दोष असता तर इथे आधी बंद पडायला हवा होता. तो तर जास्त वेळ टिकला.

मी खूश झालो. पण भाची माझ्यापेक्षा हुशार निघाली. "थांब मामा. इथे ओल वाढली आणि गारवाही वाढला. दोन गोष्टी एकदम बदलल्या. हा प्रयोग कच्चा आहे."

मग रविवारी दुपारी त्याच खोलीत, त्याच हवेत, एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरलं. नुसतं लिखाणाचं हलकं काम केलं, तर दीड तास बंद पडला नाही. चलच्चित्र लावून, पुठ्ठ्यानं सतत वारा घातला, तर ३१ मिनिटं टिकला. (वारा घालून माझा हात दुखला, ती नोंद मात्र वहीत नाही.) शेवटी टिश्यू पेपरची बारीक पट्टी कापून लॅपटॉपच्या कडेच्या झरोक्याशी धरली. आत पंखा फिरत असेल तर गरम वारा बाहेर यायला हवा, पट्टी फडफडायला हवी. पट्टी ढिम्म हलली नाही. कान लावला, तर आवाजही नाही.

भाचीनं पानाखाली लिहिलं, 'ओल नव्हे. उष्णता. बहुतेक पंखा फिरत नाही.' आणि बहुतेक या शब्दाखाली रेघ मारली.

साताऱ्यातला सोमवार

सोमवारी खाली उतरताना लॅपटॉप पुन्हा दोन पिशव्यांत. साताऱ्यात सर्व्हिस सेंटरमधल्या दादांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठून आलात?" मी बोलून गेलो, "महाबळेश्वरहून." झालं! "या दिवसांत महाबळेश्वर? मग ओलच असणार," दादा म्हणाले आणि एक फॉर्म पुढे सरकवला. त्यावर 'दुरुस्तीचा खर्च ग्राहकाकडे' असं लिहिलेलं होतं.

मी काही बोलणार, तेवढ्यात भाचीनं वही उघडून काउंटरवर ठेवली. "दादा, सही करायच्या आधी हे एक पान बघाल का?"

दादांनी पान वाचलं. मग पुन्हा वाचलं. मागे दोन माणसं थांबली होती, तरी त्यांनी एक स्टूल पुढे ओढलं, पेचकस घेतला आणि आमच्यासमोरच मागचं झाकण उघडलं. आधी एक छोटी पांढरी चिकटपट्टी दाखवली. पाणी लागलं तर हिचा रंग बदलतो. ती पांढरी स्वच्छ होती! मग पंख्याकडे बोट केलं. पंख्याला वीज पुरवणाऱ्या वायरीचा चिमुकला प्लग खाचेत पुरता बसलेलाच नव्हता. कारखान्यातच राहून गेलं असावं. दादांनी नखानं दाबला, टिक् असा आवाज आला. यंत्र सुरू केलं, पंखा भिरभिरला. भाचीनं खिशातून टिश्यूची पट्टी काढून झरोक्याशी धरली. पट्टी पतंगाच्या शेपटीसारखी फडफडायला लागली!

तरी तिनं चलच्चित्र लावून तिथेच तीस मिनिटं मोजली. दादांनीही हसत हसत मोजू दिली. शनीचा षटकोन पहिल्यांदाच अखेरपर्यंत गरगरत राहिला. फॉर्मवर दादांनी 'खर्च ग्राहकाकडे' खोडून 'वॉरंटीत' असं लिहिलं आणि म्हणाले, "मीही न उघडताच बोललो. चुकलं माझं."

सांगलीचा दुकानदार काही असं म्हणाला नाही. त्याला कागद दाखवला तर "हो का? बरं झालं," एवढंच. घरी आजीनं मात्र वहीचं पान चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग म्हणाली, "व्याजाचा पहिला हप्ता मिळाला."

तुम्हीही करून पाहा

पावसाळ्यात महाबळेश्वरला गेलात तर एखाद्या सकाळी 'पॉइंट दिसत नाही' म्हणून खोलीत बसू नका. लोकरी टोपी घालून मोठ्यांबरोबर ढगात फिरून या आणि थेंब पाहा. कड्याच्या टोकाला मात्र जाऊ नका, निसरडं असतं. तव्यातल्या तेलाचा प्रयोग आई-बाबा शेजारी असतानाच, मंद आचेवर करा. पाण्याचा एक थेंबही तेलात पडू देऊ नका.

आणि घरात एखादी वस्तू पुन्हा पुन्हा बिघडत असेल, सायकल, मिक्सर, काहीही, तर एक वही घाला. कधी बिघडली, किती वेळानं, तेव्हा काय चालू होतं, ते लिहा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. विजेची वस्तू स्वतः उघडायची नाही हं, ते काम जाणकाराचं. तुमचं काम वही भरण्याचं.

भाचीच्या प्रदर्शनात शनीच्या चित्रांशेजारी ते वहीचं पानही लावलेलं होतं. बघायला आलेली मुलं शनीपुढे थांबत होतीच, पण पानापुढे जरा जास्त वेळ थांबत होती.